शांत वाऱ्यातली चिमणी

आत्या आमच्याकडे कायमची राहायला आली तेव्हा तिचा डावा कान पुरता गेला होता आणि उजव्या कानात सतत घोंगावत असायचं. "माझ्या कानात वारा सुरू आहे, जरा मोठ्यानं बोल," असं ती म्हणायची. दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत तिनं उमेदीची सगळी वर्षं वाऱ्याच्या बोगद्याशेजारी काढली होती. विमानाच्या नमुन्यांवर जोराचा वारा सोडून बघायचा तो बोगदा सुरू झाला की इमारतीच्या काचा थरथरायच्या म्हणे. कान गेले तशी निवृत्तीची वाट न बघता तिनं नोकरी सोडली. लग्न तिनं केलं नव्हतं. तिचा धाकटा भाऊ म्हणजे माझे वडील, तेही वारले होते. गावाकडच्या, टेंभुर्णीच्या घराला कुलूप होतं. म्हणून दोन ट्रंका आणि एक खुर्ची घेऊन ती जालन्याला माझ्या दारात उतरली.

मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात, टेंभुर्णीला. मी तेव्हा चौथीत होते. आजोबा शाळामास्तर होते आणि आमच्या वस्तीतून शिकून नोकरीला लागलेले पहिले. त्यांनी मुलीला औरंगाबादला कॉलेजात घातलं तेव्हा नातेवाइकांनी नावं ठेवली होती. तिथून ती शिष्यवृत्तीवर दक्षिणेत गेली आणि विमानाच्या पंखांवर संशोधन करून डॉक्टर झाली. ती येणार म्हणून जाफराबादेहून दोन जीप भरून माणसं आली. शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. "ताई विमान चालवतात का?" असं कुणीतरी विचारलं. आत्या म्हणाली, "मी विमान मोडते." लोक हसले. ती हसली नाही.

दुपारी ओसरीत मी तिला विचारलं, "आत्या, म्हंजे तू काय काम करते?"

तिनं माझ्या वहीचं मागचं पान फाडून एक लांब पट्टी काढली, एका टोकाला धरली आणि हळूच फुंकर घातली. पट्टी जागच्या जागी राहिली. तिनं जरा जोरात फुंकलं. पट्टी एकदम फडफडायला लागली, फर्रर्र असा आवाज करत.

"वारा ढकलतो, हे सगळ्यांला माहीत आहे," ती म्हणाली. "पण कधी कधी वारा ढकलत न्हाई. वस्तू हलायला लागली की तिच्या हलण्याला तो खाऊ घालतो. ती जेवढी हलते तेवढं तो तिला आणखी देतो. हा कागद आहे म्हून फडफडला. पंख असता तर तुटला असता."

मग तिनं एक प्रसंग सांगितला. बोगद्यात पंखाचा एक नमुना लावला होता. वारा हळूहळू वाढवत नेत होते. जाड काचेमागे सगळे साहेब उभे होते, ती सगळ्यांच्या मागे. नमुना शांत होता. "काही झालं न्हाई, काही झालं न्हाई, आन् मंग एकदम तो दिसेनासाच झाला. मोडताना दिसलाच न्हाई. मागच्या जाळीत नुसता चुरा." एवढं सांगून ती पाणी प्यायला उठली. त्या रात्री पंख्याखाली झोपायला मी तयार नव्हते.

त्या चुऱ्यातूनच तिचं मोठं काम निघालं, हे मला फार नंतर कळलं. पंख कुठल्या वेगाला फडफडतो हे शोधायला तेव्हा नमुना मोडेपर्यंत वारा वाढवत नेण्याची पद्धत होती. आत्याचं म्हणणं असं, की मोडायच्या आधी कळलं पाहिजे. तिनं कमी वाऱ्यातच नमुन्याला बारीक टिचकी मारायला सुरुवात केली आणि तो हलायचा थांबायला किती वेळ घेतो ते मोजलं. धडधाकट पंख लगेच शांत होतो. शेवट जवळ आला की तो शांत व्हायला वेळ लावतो, आणखी वेळ लावतो. त्या वेळावरून तिला पुढचं सांगता यायचं. सुरुवातीला त्या कामावर साहेबांचं नाव पहिलं आणि तिचं शेवटी असायचं. तिच्यासाठी त्या इमारतीत साधी बाथरूमही नव्हती, शेजारच्या ऑफिसात जावं लागायचं. पुढं त्याच विभागाची ती प्रमुख झाली. परदेशात जाऊन तिनं निबंध वाचले. आमच्याकडे मात्र ती 'विमानवाली' एवढीच माहीत होती.

ती जालन्याला आली ते नव्वदचं दशक निम्मं झालेलं असताना. माझा नवरा औद्योगिक वसाहतीतल्या सळयांच्या कारखान्यात फिटर होता आणि मी जवळच्या शाळेत शिकवत होते. कारखान्याच्या कुंपणाला लागून कामगारांच्या खोल्यांची एक लाइन होती. त्यातली कोपऱ्यातली, वर गच्ची असलेली जागा आमची. त्याच वर्षी उन्हाळ्यात कारखान्यानं भट्टीसाठी नवी लोखंडी चिमणी उभी केली होती. जुनी विटांची बुटकी होती, ही उंच, सरळ, एका नळीसारखी. लांबून येणाऱ्याला सगळ्यात आधी तीच दिसायची.

दिवाळी झाली, थंडी पडली. आत्या सकाळी गच्चीवर खुर्ची टाकून उन्हात बसायची. एकदा मी चहा घेऊन वर गेले तर ती चिमणीकडे बघत होती. कपाला हातही लावला नाही.

"वारा कुठून आहे?" तिनं विचारलं.

"उगवतीकडून." थंडीत आमच्याकडे तसाच असतो, मंद आणि एकसारखा.

"मंग ती मावळतीकडं झुकायला पाहिजे. बघ, कशी हलू राह्यली."

मी बघितलं. आधी काही दिसलं नाही. मग गच्चीच्या कठड्याशी चिमणीचं टोक जुळवून बघितलं तेव्हा दिसलं. वारा पूर्वेचा होता आणि टोक उत्तर-दक्षिण जात-येत होतं. आमच्या लाइनीकडे, मग पलीकडच्या भंगाराच्या ढिगाकडे. संथ, पाळणा हलावा तसं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर हे हसले. "आत्याबाई, लोखंड आहे, जरासं हलणारच. पावसाळ्यात केवढं वादळ झालं, पत्रे उडाले सगळ्यांचे. तिला काही झालं न्हाई."

"वादळात तिला काही व्हायचं न्हाई, जावईबापू," आत्या म्हणाली. "वादळ धड एका चालीनं वाहत न्हाई. हा वारा वाहतो. गोल खांबाला वळसा घालून जाताना वारा मागं भोवरे सोडतो, एक या बाजूला, एक त्या बाजूला. त्यांची चाल आन् चिमणीची स्वतःची हलायची चाल एक झाली की ती थांबतच न्हाई. वारा पडल्यावर ती शांत व्हायला किती वेळ लावते ते मी रोज बघू राह्यले. रोज जास्त लागतो."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन कारखान्याच्या शेठकडे गेली. शेठ सभ्य माणूस होता. उठून उभा राहिला, चहा मागवला. चिमणी उभारणाऱ्या ठेकेदारालाही त्यानं बोलावून घेतलं. आत्यानं सांगितलं, की वरच्या भागाला लोखंडी पट्टी मळसूत्रासारखी गुंडाळून वेल्ड करा, म्हणजे भोवऱ्यांची चाल मोडेल. तोवर चारी बाजूंनी तारेचे दोर बांधा.

ठेकेदार म्हणाला, "मॅडम, तुमचं विमानाचं आहे. ही जमिनीवरची चीज आहे."

"वाऱ्याला ते कळत न्हाई," आत्या म्हणाली.

शेठ म्हणाला, "भट्टी बंद करावी लागेल. आत्ता सीझन आहे. उन्हाळ्यात मेंटेनन्सला घेतो, बिलकुल घेतो."

आम्ही बाहेर आलो. गेटवर म्हातारा वॉचमन बसायचा. परतूरकडच्या एका खेड्यातला. जन्मभर यंत्रांच्या आवाजात बोलून त्याचा आवाजच एवढा मोठा झाला होता, की आत्याला विनासायास ऐकू येणारा सबंध वसाहतीत तो एकटा होता. "जयभीम बाई!" असं तो ओरडायचा, स्टूल पुढं करायचा, आणि ती तासन्‌तास त्याच्या केबिनशी बसायची. शेतीचं, पोरांचं, गावाकडचं काहीबाही चालायचं त्यांचं.

लाइनीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. नळावर शेजारीण मला म्हणाली, "तुझी आत्या सकाळी सकाळी अशुभ बोलते. आमची लेकरं घाबरून राह्यली." ह्यांना फोरमननं बाजूला घेऊन सांगितलं, म्हातारीला आवर. हे घरी आले ते चिडूनच. "माझी नोकरी आहे तिथं," मला म्हणाले. आत्याला ऐकू जाईल असं बोलले नाहीत, पण तिनं ओठ वाचले असावेत. जेवताना ती म्हणाली, "जावईबापू, माझं ऐकू नका. फक्त बुडाचे नटबोल्ट एकदा बघा."

हे बघायला गेले ते मला वाटतं तिला खोटं पाडायला. परत आले. हातपाय धुतले, बसले. बुडाचे नट ढिले झाले होते. पाना लावून आवळून आले होते. आठवड्यानं पुन्हा बघितलं, पुन्हा ढिले. त्यानंतर एका संध्याकाळी आले ते सरळ आत्याच्या खुर्चीपुढं जमिनीवर बसले.

"आत्याबाई, वेल्डिंगच्या कडेला तांबडी रेघ दिसू राह्यली. केसासारखी. पुसली तर परत गंज येतो."

"कोणत्या बाजूला?"

"लाइनीच्या."

आत्यानं डोळे मिटले. हे फोरमनकडे गेले, फोरमन शेठकडे. या वेळी शेठ स्वतः चिमणीच्या बुडाशी येऊन वाकून बघून गेला. तारेचे दोर मागवले गेले. दोर आले, त्यांची भेंडोळी भंगाराच्या ढिगाशेजारी उतरली. येत्या सुटीच्या दिवशी भट्टी थंड करून बांधायचं ठरलं. शेजारणीनं आमच्याकडे येऊन आत्याला भाकरी-ठेचा दिला आणि तिच्याजवळ बसून राहिली.

मधले ते दिवस मला सगळ्यात वाईट आठवतात. चिमणी उभीच होती, धूर निघत होता. मुलीची वेणी घालताना मान वर जायची. वर्गात फळ्यावर लिहिताना कान बाहेर असायचे. सोसाट्याचा वारा आला तर लोक घाबरायचे नाहीत, आम्हीही नाही. वारा अंगाला लागेल न लागेल असा सुरू झाला, की लाइन गप्प व्हायची.

आत्या काठीनं धुळीत आकृत्या काढून लोकांना समजावायची. उगवतीचा वारा, म्हणजे ती उत्तर-दक्षिण हलणार, म्हणजे पडली तर लाइनीवर नाहीतर भंगारावर. वारा लागला की लाइनीतल्यांनी शाळेच्या पटांगणावर जायचं. वॉचमननं एकदा माझ्यासमोर तिला विचारलं, "बाई, आन् माझी केबिन?"

तिनं धुळीत एक टिंब काढलं. "तुम्ही मावळतीला. तुम्ही इथंच बसा. इथं सगळ्यात बरं."

"बराबर आहे," तो म्हणाला आणि हसला.

दोर बांधायच्या आदल्या दिवशी सकाळी वारा एकसारखा सुटला. मी शाळेत निघाले होते. आत्या गच्चीवरून खाली आली, चप्पल न घालता. "थांबली न्हाई," म्हणाली. "वारा मधे पडला तरी थांबली न्हाई. पोरीला घे."

आम्ही दारं वाजवत गेलो. बायका कुरकुरत का होईना निघाल्या, कुणी चुलीवरचं तसंच सोडून. त्यांना घेऊन मी पटांगणावर गेले. आत्या गेटवर गेली. वॉचमन आत धावला, भंगारावर काम करणाऱ्यांना त्याच्या त्या मोठ्या आवाजात ओरडून बाहेर काढलं, भट्टीवर निरोप दिला, आणि परत आला. आत्याला म्हणाला, "बाई, तुम्ही रस्त्यापलीकडं व्हा." आणि स्वतः केबिनमध्ये आपल्या जागी जाऊन बसला.

पटांगणावरून मला चिमणी पूर्ण दिसत होती. ती आमच्याकडे झुकली, परत गेली, झुकली, परत गेली. लाइनीच्या बाजूची वेल्डिंगची शिवण आधी फाटली. फाटल्याचा आवाज आला तेव्हा मी मुलीचं तोंड पोटाशी धरलं. पण चिमणी आमच्याकडे आली नाही, भंगारावरही गेली नाही. बुडाशी जेवढं लोखंड जोडलेलं राहिलं होतं त्यावर ती वळली, दाराच्या बिजागरीवर दार वळावं तशी, आणि वाऱ्याच्या ओढीनं मावळतीकडे गेली. गेटच्या दिशेनं. बराच वेळ नुसती काजळी आणि धूळ होती.

मी आधी ह्यांना शोधलं, हे खरं. हे भट्टीच्या मागच्या दारानं सगळ्यांसोबत बाहेर पडले होते. मग आम्ही गेटकडे गेलो. आत्या रस्त्यापलीकडे उभी होती. केबिनच्या जागी काही नव्हतं. माणसं पत्रे उचलत होती, पण घाई करत नव्हती, त्यावरूनच कळलं.

लाइनीतलं एकही माणूस गेलं नाही. भंगारावरचं गेलं नाही. गेला तो एकटा वॉचमन.

पुढं चौकशीला सरकारी साहेब आले. आत्यानं जे पाहिलं ते सगळं लिहून दिलं, केबिनबद्दल स्वतः काय सांगितलं होतं तेही. त्यातला एक साहेब म्हणाला, "मॅडम, हे लिहायची गरज न्हाई." तिनं ते खोडलं नाही. शेठ आमच्या घरी आला, हात जोडून उभा राहिला. "मॅडम, तुमचं बराबर होतं."

"न्हाई," आत्या म्हणाली.

लाइनीतल्या बायका तिच्या पाया पडायला यायच्या. ती आतल्या खोलीत जायची. नवी चिमणी उभी राहिली, वरच्या भागाला पट्टी गुंडाळलेली. आजूबाजूच्या कारखान्यांचे मालक तिला बोलवायला लागले. ती जायची, मान वर करून बघायची, काय बसवायचं ते सांगायची. कुठं उभं राहावं असं कुणी विचारलं तर उत्तर द्यायची नाही.

उन्हाळ्यात ती मला म्हणाली, "परतूरला जायचंय." आम्ही रेल्वेनं गेलो, तिथून जीपनं वॉचमनच्या गावी. त्याची बायको अंगणात डाळ पाखडत होती. आम्हाला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं, चटई टाकली, पाणी दिलं. आत्यानं पाणी प्यायच्या आधीच सांगून टाकलं. "तुमच्या मालकांना तिथं बसा म्हून मी सांगितलं होतं. माझा हिशेब लाइनीपुरता बराबर निघाला. त्यांच्यापुरता चुकला."

त्या बाईनं पदराला हात पुसले. मग मोठ्यानं म्हणाली, आत्याला ऐकू येत नाही हे तिला नवऱ्याकडून ठाऊक असावं, "ते सांगायचे तुमचं. घरी आले की तुमचंच सांगायचे, विमानाच्या बाई म्हून." थांबून म्हणाली, "तुम्ही न्हाई सांगितलं असतं तरी ते तिथंच बसले असते. ड्युटी होती."

आत्या मान हलवत राहिली. होकाराची की नकाराची, मला कळलं नाही.

"थोरल्याला घेतलं कारखान्यानं," ती बाई म्हणाली. "त्याच जागेवर. नवी केबिन बांधली म्हणे. बाई, तिथं बसलेलं चालंल का त्यानं?"

"नवीन चिमणीला पट्टी बसवली आहे. मी स्वतः बघितली."

"मी ते न्हाई विचारलं."

अंगणात ऊन चढलं होतं. आत्यानं माझ्याकडे बघितलं, जणू प्रश्न मी पुन्हा मोठ्यानं सांगावा. मी सांगितला नाही. तिला तो ऐकू आला होता.

"मला सांगता येणार न्हाई," आत्या म्हणाली.

त्या बाईनं सूप परत ओढलं. आम्ही उठलो. दारापर्यंत ती आली, जयभीम केला आणि आत्याच्या हातात कागदात बांधलेली डाळ दिली.

आत्या त्यानंतर सात-आठ वर्षं जगली. शेवटी शेवटी उजवा कानही गेला. आम्ही लाइन सोडून गावात घर घेतलं होतं. ह्यांची नोकरी त्याच कारखान्यात होती. थंडी पडून उगवतीचा वारा सुटला, की संध्याकाळी हे घरात शिरताच ती विचारायची, "तो पोरगा आहे ना?" हे मान हलवून हो म्हणायचे. मग ती जेवायला बसायची.